युनिक्ससारख्या प्रणालीवर रोजचं डेस्कटॉप काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्स, फ्रीबीएसडी किंवा मॅकओएस ज्यांना कामाचं मुख्य मशीन म्हणून वापरायचं आहे, त्यांच्यासाठी हे प्रश्न आहेत. कमांड आणि फोल्डरची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत टाइप करायची.

यात नेमक्या कोणत्या प्रणाली येतात?

मूळ युनिक्स १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलं. आजच्या डेस्कटॉपवर त्याची तीन घराणी दिसतात. लिनक्सचं कर्नल (हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्यामधला गाभा) लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये स्वतंत्रपणे लिहिलं. त्यात युनिक्सचा मूळ कोड नाही, पण वागणं तसंच आहे. फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी आणि नेटबीएसडी बर्कलीच्या शाखेतून आलेल्या आहेत. मॅकओएसकडे तर युनिक्सचं अधिकृत प्रमाणपत्र आहे. पुढची बहुतेक उत्तरं लिनक्सची आहेत, कारण नव्याने येणारे बहुतेक लोक तिकडेच वळतात. फ्रीबीएसडी आणि मॅकओएसवर शेवटी वेगळे प्रश्न आहेत.

पहिल्यांदा कोणती डिस्ट्रो (लिनक्सची तयार जुळणी) घ्यावी?

लिनक्स मिंट किंवा उबुंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ आधार असलेली आवृत्ती. एलटीएस दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात. मिंटही तिच्यावरच उभी आहे. मशीन अगदी नवं असेल, म्हणजे त्यातला प्रोसेसर किंवा ग्राफिक्स चिप वर्षभरातच बाजारात आलेली असेल, तर फेडोरा घ्या. तिच्यात नवं कर्नल लवकर येतं आणि नव्या चिपचे ड्रायव्हर त्या कर्नलमध्येच असतात. मात्र फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिनेच चालते, त्यामुळे वर्षातून एकदा तरी पुढच्या आवृत्तीवर जावं लागतं. डेबियन सगळ्यांत शांत. एकदा बसवली की साधारण दोन वर्षं फारसं काही हलत नाही. आर्च चांगली आहे, पण अपडेट करण्याआधी सूचना वाचण्याची सवय असेल तरच.

डिस्ट्रोच्या निवडीवर लोक जितका वेळ घालवतात, तितका हार्डवेअरच्या निवडीवर घालवला तर जास्त फायदा होतो.

मग हार्डवेअर घेताना काय बघायचं?

सगळ्यांत आधी वायफाय चिप. इंटेलच्या वायफाय चिप लिनक्सवर जवळजवळ नेहमी विनातक्रार चालतात. ब्रॉडकॉमच्या अनेक चिपना वेगळा बंदिस्त ड्रायव्हर लागतो आणि कर्नल बदललं की तो मोडू शकतो. यूएसबीचे छोटे वायफाय डोंगल शक्यतो टाळाच: एकाच मॉडेल क्रमांकाखाली कंपनी आतली चिप बदलते, आणि डब्यावरून ते कळत नाही.

दुसरं ग्राफिक्स. इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर कर्नल आणि मेसा ही ग्राफिक्स लायब्ररी यांत आधीच असतात, वेगळं काही बसवावं लागत नाही. एनव्हिडिया चालतं, पण त्याचा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर राहतो आणि प्रत्येक कर्नल अपडेटला त्याची जुळणी नव्याने करावी लागते. थ्रीडी रेंडरिंग किंवा कूडा (एनव्हिडियाच्या चिपवर गणना करण्याची सोय) लागणार नसेल तर लॅपटॉपमध्ये एनव्हिडिया नसलेलंच बरं.

तिसरं, फिंगरप्रिंट वाचक आणि नव्या पद्धतीचे लॅपटॉप कॅमेरे. इंटेलच्या आयपीयू६ मालिकेला जोडलेले कॅमेरे दिसायला साधे असतात, पण यूएसबी कॅमेऱ्यासारखे आपोआप चालत नाहीत. ते मॉडेल लिनक्सवर वापरणाऱ्यांचे अनुभव शोधल्याशिवाय पैसे देऊ नका.

मेमरी १६ जीबी घ्या. ८ जीबीतही काम होतं, पण मेमरी खातो तो ब्राउझर, आणि तो कुठल्याही प्रणालीवर सारखाच खातो. ४ जीबीच्या जुन्या मशीनवर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाकला तर मशीन चटकन सुरू होईल, पण दहा टॅब उघडले की पुन्हा रेंगाळेल.

बसवण्याआधी मशीनवर चालून बघता येतं का?

येतं, आणि बघायलाच हवं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, आयएसओ फाइल (बसवायच्या डिस्ट्रोची प्रत) उतरवा आणि तिचा एसएचए२५६ पडताळणी-अंक (चेकसम) डिस्ट्रोच्या पानावरच्या अंकाशी जुळवा. अर्धवट उतरलेली आयएसओ हे बसवताना मध्येच अडकण्याचं अगदी सामान्य कारण आहे. मग ती पेनड्राइव्हवर लिहा. ‘डीडी’ कमांडने लिहिणार असाल तर आधी ‘एलएसबीएलके’ चालवून पेनड्राइव्हचं नाव आकारावरून ओळखा. ‘डीडी’ काही विचारत नाही; चुकीच्या डिस्कचं नाव दिलं तर तीच पुसून टाकते.

पेनड्राइव्हवरून मशीन सुरू झालं की निदान अर्धा तास या गोष्टी तपासा: वायफाय, आवाज आणि माइक, ब्राइटनेसच्या कळा, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणं, बाहेरचा मॉनिटर, कॅमेरा, ब्लूटूथ. शेवटी लॅपटॉप झाकून दोन मिनिटांनी उघडा. तो नीट जागा झाला नाही तर बसवल्यावरही बहुधा तेच होईल. एनव्हिडिया असेल तर मात्र हा निकाल अंतिम मानू नका, कारण बऱ्याच डिस्ट्रोंच्या पेनड्राइव्हवर मुक्त नूवो ड्रायव्हर असतो आणि बसवल्यावर तुम्ही दुसरा वापरणार असता.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवायचं आहे. काय बिघडू शकतं?

बिघडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत, म्हणून त्या आधीच टाळता येतात.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एनक्रिप्शन): अनेक नव्या लॅपटॉपवर तो मालकाला न सांगता चालू असतो. बूटच्या रचनेत बदल दिसला की तो ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती की आधी कागदावर किंवा दुसऱ्या मशीनवर उतरवून घ्या आणि बिटलॉकर तात्पुरता थांबवा.

फास्ट स्टार्टअप: हे चालू असलं की विंडोज बंद करताना खरं तर अर्धवट हायबरनेट होतं आणि त्याची एनटीएफएस पार्टिशन उघडीच राहते. लिनक्स मग ती फक्त वाचायला देतं किंवा जोडायलाच नकार देतं. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये ते बंद करा.

पार्टिशन आखडणं: विंडोजची पार्टिशन विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करा. लिनक्सच्या इन्स्टॉलरलाही ते जमतं, पण आपल्या फायलींचा पसारा कुठवर आहे हे विंडोजला जास्त नेमकं माहीत असतं.

डिस्कच दिसत नाही: बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) स्टोरेज इंटेल आरएसटी म्हणजे रेड (आरएआयडी) मोडवर असेल तर इन्स्टॉलरला एसएसडी दिसत नाही असं होतं. ते एएचसीआय या साध्या मोडवर न्यावं लागतं, पण थेट बदललं तर विंडोज सुरूच होणार नाही. आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, मग बायॉसमध्ये बदल करा, एकदा सेफ मोडमध्ये जाऊ द्या, आणि नंतर सेफ मोडची खूण काढा. सेफ मोडमध्ये विंडोज एएचसीआयचा ड्रायव्हर स्वतः उचलतं.

घड्याळ: विंडोज मदरबोर्डवरचं घड्याळ स्थानिक वेळेचं मानतं, तर लिनक्स यूटीसीचं (जागतिक प्रमाणवेळेचं). म्हणून एकातून दुसऱ्यात गेलं की वेळ काही तासांनी चुकते. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ दिलं की भांडण मिटतं. विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ ही नोंद करणं जास्त स्वच्छ, कारण उन्हाळी वेळ पाळणाऱ्या ठिकाणी दोन्ही प्रणाली घड्याळ पुढे-मागे करू पाहतात.

दोन वेगळ्या एसएसडी बसवण्याची सोय असेल तर दोन्ही प्रणाली वेगळ्याच ठेवा. यातले निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत.

पार्टिशन कशा आखायच्या?

इन्स्टॉलरने सुचवलेली रचना बहुतेकांना पुरते. हाताने आखायची असेल तर ईएफआय पार्टिशन (मशीन सुरू करणाऱ्या फायलींची) ५१२ एमबी ते १ जीबी ठेवा. विंडोजने बनवलेली बहुधा १०० एमबीची असते. ग्रब या बूटलोडरला (प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामला) ती पुरते, पण कर्नलच तिथे ठेवणाऱ्या बूटलोडरला अपुरी पडते. वेगळी /बूट हवी असेल तर किमान १ जीबी द्या. ती भरली की कर्नलचा अपडेट मध्येच तुटतो, आणि हा प्रसंग फार सामान्य आहे. उबुंटू आणि डेबियनवर ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ (सुडो म्हणजे व्यवस्थापकाच्या अधिकाराने) जुनी कर्नल काढून जागा करतं.

/होम (तुमच्या फायलींची पार्टिशन) वेगळी ठेवायची जुनी पद्धत आहे. ठेवलीत तर रूटला (/, म्हणजे प्रणालीच्या पार्टिशनला) ६० जीबी तरी द्या, कारण फ्लॅटपॅक (स्वतंत्र डब्यात येणारे प्रोग्राम) आणि कंटेनर दोन्ही /व्हारमध्ये वाढत जातात. बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमवर हा हिशेबच नको, सबव्हॉल्यूम (तिचे आतले विभाग) एकाच जागेत वाटून राहतात. फेडोराने डेस्कटॉपसाठी २०२० पासून तीच पद्धत घेतली आहे. स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) किती? हायबरनेट करणार असाल तर मेमरीइतकी, नाहीतर ४ जीबीची स्वॅप फाइल किंवा झेडरॅम (मेमरीतच दाबून ठेवलेली स्वॅप) पुरे.

डिस्क एनक्रिप्ट करावी का?

लॅपटॉप असेल तर नक्की. बसवतानाच लक्स या लिनक्सच्या डिस्क एनक्रिप्शनचा पर्याय निवडा, नंतर करणं कटकटीचं आहे. त्यानंतर ‘क्रिप्टसेटअप लक्सहेडरबॅकअप’ने हेडरची (एनक्रिप्शनच्या चाव्या असलेल्या सुरुवातीच्या भागाची) प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. डिस्कच्या सुरुवातीचे काही एमबी खराब झाले तर पासवर्ड माहीत असूनही डेटा उघडत नाही, आणि मग ही प्रतच कामी येते. पासवर्ड टाकताना कीबोर्डचा लेआउट इंग्रजीच असतो असं गृहीत धरू नका; साधी अक्षरं आणि अंक असलेला लांब पासवर्ड निवडा.

सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं? ॲप्ट, फ्लॅटपॅक, स्नॅप, ॲपइमेज, की वेबसाइटवरून?

वर्षानुवर्षं नीट चालणारं मशीन आणि सहा महिन्यांत कोलमडणारं मशीन यांतला फरक बहुतेक वेळा इथेच पडतो. प्रणाली स्वतः, तिची लायब्ररी, ड्रायव्हर आणि डेस्कटॉप डिस्ट्रोच्या भांडारातून (रिपॉझिटरीतून) घ्या. ब्राउझर, ऑफिस, व्हिडिओ संपादक, चॅटचे प्रोग्राम यांची ताजी आवृत्ती हवी असेल तर फ्लॅटहबवरून फ्लॅटपॅक घ्या. तो प्रणालीच्या लायब्ररीला हात लावत नाही, त्यामुळे काढून टाकला की खरंच निघून जातो. पहिला फ्लॅटपॅक जास्त जागा घेतो, कारण त्याच्यासोबत रनटाइम येतो. पुढचे तोच वाटून घेतात. ‘फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड’ अधूनमधून चालवा. फ्लॅटपॅकमधल्या प्रोग्रामला तुमचं एखादं फोल्डर दिसत नसेल तर तो बिघाड नाही, परवानगी नाही एवढंच. फ्लॅटसील या छोट्या प्रोग्राममधून ती देता येते.

दुसऱ्या डिस्ट्रोचं किंवा दुसऱ्या आवृत्तीचं भांडार आपल्या यादीत जोडू नका. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत टेस्टिंगमधलं एक पॅकेज हवं म्हणून ती ओळ जोडली, की त्या पॅकेजसोबत नवी सी लायब्ररी येते, तिच्यासोबत आणखी चाळीस पॅकेजं, आणि पुढचा अपडेट कुठल्याच आवृत्तीशी जुळत नाही. आर्चवर अशीच चूक ‘पॅकमॅन -एसवाय’ करून एकच पॅकेज बसवण्याची. यादी नवी होते, बाकी लायब्ररी जुन्या राहतात. तिथे नेहमी पूर्ण ‘-एसवाययू’ द्या. एयूआर या आर्चच्या वापरकर्त्यांच्या भांडारातली पॅकेजं कोणीही टाकू शकतं. बसवण्याआधी पीकेजीबिल्ड ही बांधणीची फाइल उघडून स्रोत कुठून येतो ते वाचा.

पायथनची पॅकेजं ‘सुडो पिप’ने कधीच बसवू नका. डेबियन १२ पासून प्रणाली स्वतःच त्याला नकार देते, आणि तो नकार ओलांडण्याचे उपाय नेटवर सापडतात. ते वापरू नका, कारण प्रणालीचे स्वतःचे काही प्रोग्राम त्याच पायथनवर चालतात. प्रकल्पासाठी ‘व्हेन्व्ह’ (वेगळं पायथन वातावरण), आणि कमांडसारख्या वापरायच्या साधनांसाठी ‘पिपएक्स’.

ॲपइमेज दुहेरी क्लिकने उघडत नसेल तर आधी तिला चालवण्याची परवानगी दिली आहे का बघा, मग फ्यूज २ लायब्ररी आहे का. उबुंटू २२.०४ पासून ती आपोआप बसत नाही.

विंडोजवरचे प्रोग्राम चालतील का?

काही. वाइनवर (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं साधन) छोटी व जुनी साधनं बऱ्याचदा चालतात. खेळांसाठी व्हॉल्व्हने २०१८ मध्ये आणलेल्या प्रोटॉन या वाइनवर आधारित साधनामुळे मोठा फरक पडला, पण कर्नलपर्यंत पोचणारी अँटी-चीट यंत्रणा असलेले ऑनलाइन खेळ अडतात. अडोबीचे सध्याचे प्रोग्राम, ऑटोकॅड आणि डेस्कटॉपवरचं मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांच्यासाठी वाइनवर विसंबून काम घेऊ नका. त्यावर पोट अवलंबून असेल तर विंडोजचं व्हर्च्युअल मशीन ठेवा (वर्ट-मॅनेजर, ८ जीबी मेमरी त्याच्यासाठी वेगळी) किंवा विंडोज राहू द्या. प्रणाली बदलण्यापूर्वी महिनाभर विंडोजवरच लिबरऑफिस, जिम्प, क्रिता, इंकस्केप वापरून बघणं हा सर्वांत स्वस्त प्रयोग आहे. हे सगळे प्रोग्राम तिथेही चालतात.

वर्डच्या फाइलची मांडणी लिबरऑफिसमध्ये का विस्कटते?

बहुतेक वेळा फॉन्टमुळे. कॅलिब्री नसेल तर दुसरा फॉन्ट येतो, ओळ वेगळ्या ठिकाणी तुटते आणि पानं सरकतात. कार्लिटो हा कॅलिब्रीच्या आणि कॅलाडिया हा कॅम्ब्रियाच्या अक्षररुंदीशी जुळणारा मुक्त फॉन्ट आहे. लिबरेशनचे फॉन्ट एरियल, टाइम्स न्यू रोमन आणि कुरिअर न्यूशी जुळतात. हे बसवल्यावर साधी पत्रं आणि अहवाल जागेवर येतात. मॅक्रो असलेल्या एक्सेल फायली आणि ट्रॅक चेंजेसने भरलेले करार मात्र मूळ प्रोग्राममध्येच तपासा. ज्याला फक्त वाचायचं आहे त्याला पीडीएफ पाठवा.

मराठी टायपिंग कसं करायचं?

इन्स्क्रिप्ट येत असेल तर काहीच बसवावं लागत नाही. कीबोर्ड लेआउटच्या यादीत मराठी निवडा. उच्चारावर आधारित टायपिंगसाठी आयबस ही इनपुट यंत्रणा आणि तिचं एम१७एन इंजिन बसवा, लॉगआउट करून परत या आणि मग इनपुट पद्धतीत मराठी जोडा. लॉगआउट न केल्यामुळे यादीत मराठी दिसत नाही, ही नेहमीची तक्रार आहे. केडीई या डेस्कटॉपवर एफसीआयटीएक्स५ ही दुसरी इनपुट यंत्रणा घ्या, ते जास्त नीट बसतं.

लिबरऑफिसमध्ये फॉन्ट बदलूनही देवनागरी तशीच राहत असेल तर भाषांच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करा. देवनागरीचा फॉन्ट तिथे रोमनपेक्षा वेगळा ठरतो. मजकुराची भाषा मराठी ठेवा, म्हणजे सोय असलेल्या फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे येतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फायली मात्र आधी रूपांतरित कराव्या लागतात. फॉन्ट बसवून त्या वाचता येतात, पण शोधता येत नाहीत.

अपडेटनंतर स्क्रीन काळी राहिली. आता?

घाबरून पुन्हा सगळं बसवायला घेऊ नका. मशीन सुरू होताना एस्केप दाबत राहा (जुन्या बायॉसवर शिफ्ट धरून ठेवा), ग्रबची यादी येईल. प्रगत पर्यायांमधून आधीचं कर्नल निवडा. मशीन सुरू झालं तर दोष नव्या कर्नलचा किंवा त्याच्याशी न जुळलेल्या ड्रायव्हरचा आहे. दोन कर्नल नेहमी शिल्लक ठेवायची ती यासाठीच.

तेही चाललं नाही तर ग्रबच्या नोंदीवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहा आणि एफ१० दाबा. चित्र ओबडधोबड दिसेल, पण काम करता येईल. काळ्या स्क्रीनवर कंट्रोल-अल्ट-एफ३ दाबून मजकुराचा लॉगिन मिळतो का तेही बघा. मिळाला तर मशीन जिवंत आहे आणि फक्त डेस्कटॉप पडला आहे. तिथून ‘जर्नलसीटीएल -बी -पी ३’ चालवलं की याच बूटमधल्या चुका दिसतात.

एनव्हिडिया असेल तर दोन कारणं आधी तपासा. एक, नव्या कर्नलच्या हेडर फायली बसलेल्या नाहीत, म्हणून डीकेएमएसला (दर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर बांधणाऱ्या साधनाला) ड्रायव्हर बांधता आला नाही. दोन, सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी तपासणी). ड्रायव्हर बसवल्यावर पुढच्या सुरुवातीला एकदाच निळी स्क्रीन येते आणि चावी नोंदवायला सांगते. ती घाईत ओलांडली की सही नसलेला ड्रायव्हर कर्नल नाकारतं. ‘मोकयुटिल --इम्पोर्ट’ पुन्हा चालवून, मशीन पुन्हा सुरू करून चावी नोंदवा.

वेलँड घ्यावं की जुनं एक्स?

वेलँड. दोन्ही स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या व्यवस्था आहेत. एक्स११ हा १९८७ चा प्रोटोकॉल आहे, आणि वेगवेगळ्या घनतेचे दोन मॉनिटर शेजारी ठेवणं त्याला नीट जमत नाही. वेलँडवर स्क्रीन शेअर होत नसेल तर पाइपवायर (आवाज आणि व्हिडिओ पोचवणारी यंत्रणा) आणि तुमच्या डेस्कटॉपचं एक्सडीजी पोर्टल ही दोन्ही पॅकेजं चालू आहेत का बघा. एक्सडूटूलसारखी दुसऱ्या खिडकीत कळा दाबणारी साधनं तिथे चालत नाहीत. ती बंदी सुरक्षेसाठी मुद्दाम ठेवलेली आहे.

झाकलेला लॅपटॉप बॅगेत गरम होतो आणि बॅटरी उतरते. का?

अनेक नव्या लॅपटॉपच्या फर्मवेअरमधून एस३ ही खोल झोप काढूनच टाकली आहे. उरते ती एसटूआयडल, म्हणजे प्रोसेसर निवांत पण जागाच. ‘/सिस/पॉवर/मेम_स्लीप’ ही फाइल वाचा: चौकटी कंसात असलेला पर्याय चालू आहे. तिथे ‘डीप’ दिसत असेल तर कर्नलच्या ओळीत तो डीफॉल्ट करता येतो. दिसत नसेल तर बायॉसमध्ये ‘लिनक्स’ नावाचा झोपेचा पर्याय आहे का शोधा. काही मॉडेलांत असतो. हायबरनेट हा पक्का उपाय, पण सिक्युअर बूट चालू असताना अनेक डिस्ट्रोंचं कर्नल ते अडवतं.

टीएलपी आणि पॉवर-प्रोफाइल्स-डीमन या वीज वाचवणाऱ्या साधनांपैकी एकच ठेवा. दोघं एकमेकांच्या सेटिंग पुसतात. लॅपटॉप कायम चार्जरवर असेल आणि डेस्कटॉपच्या पॉवर सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा दिसत असेल, तर ती ८० टक्क्यांवर ठेवा.

प्रिंटर आणि स्कॅनर?

एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर चालणारा नेटवर्क प्रिंटर घेतला की ड्रायव्हरच लागत नाही; कप्स ही छपाईची यंत्रणा तो स्वतः ओळखतं. अडलं तर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, पोर्ट ६३१ उघडा. रांगेत अडकलेली कामं आणि थांबलेला प्रिंटर तिथे दिसतो. स्कॅनसाठी सेन-एअरस्कॅन बसवा.

ब्लूटूथ हेडफोनचा माइक लावला की आवाज टेलिफोनसारखा होतो.

जुन्या ब्लूटूथची मर्यादा आहे: गाण्यांचा प्रोफाइल एकतर्फी असतो, आणि माइक लागला की बोलण्याचा अरुंद प्रोफाइल येतो. मीटिंगमध्ये लॅपटॉपचा किंवा वेगळा यूएसबी माइक निवडा. आवाज पूर्णच गेला तर ‘सिस्टिमसीटीएल --यूजर रीस्टार्ट पाइपवायर वायरप्लंबर’ करा. मशीन बंद करायची गरज नाही. नव्या इंटेल लॅपटॉपवर पहिल्यापासूनच आवाज नसेल तर सॉफ-फर्मवेअर हे पॅकेज राहिलं असेल.

पेनड्राइव्हवर कॉपी झाली, काढला, तर फाइल अर्धीच!

कॉपी आधी मेमरीत जाते आणि मागून सावकाश डिस्कवर उतरते. फाइल मॅनेजरमधून ‘इजेक्ट’ करा आणि काढायला हरकत नाही असा संदेश येईपर्यंत थांबा. टर्मिनलमध्ये ‘सिंक’ दिलं की लिहून होईपर्यंत तो परत येत नाही. ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल जात नसेल तर पेनड्राइव्ह फॅट३२ आहे, एक्सफॅट करा.

डिस्क भरली, पण फायली तर इतक्या नाहीत.

‘सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ /’ चालवा आणि जे फोल्डर फुगलंय त्याच्या आत तीच कमांड पुन्हा द्या. नेहमीचे अपराधी: /व्हार/लिब/डॉकर, फ्लॅटपॅकचे जुने रनटाइम, पॅकेज मॅनेजरचा साठा, आणि जर्नल (प्रणालीच्या नोंदी). जर्नलसाठी ‘जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=५००एम’. फाइल पुसूनही जागा मोकळी होत नसेल तर तीन शक्यता आहेत: एखादा प्रोग्राम ती अजून उघडी धरून बसला आहे (‘एलएसओएफ +एल१’ दाखवतं), बीटीआरएफएसच्या स्नॅपशॉटमध्ये (आधीच्या स्थितीच्या टिपणात) ती शाबूत आहे, किंवा ती कचरापेटीत आहे. ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम डीफॉल्टने ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते, तोही फरक लक्षात घ्या.

मशीन पूर्ण गोठलं तर?

बटण दाबून धरण्याआधी अल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून एस, यू, बी या कळा दोन-दोन सेकंदांनी दाबा. एसमुळे डिस्कवर लिहायचं ते लिहिलं जातं, यूमुळे फाइल सिस्टिम फक्त-वाचन होतात, बीमुळे मशीन पुन्हा सुरू होतं. उबुंटूवर या तिन्ही कळा आपोआप चालू असतात. फेडोरावर मुळात फक्त एस चालते, बाकीच्या ‘कर्नल.सिसआरक्यू’ या सेटिंगमधून आधीच उघडून ठेवाव्या लागतात. गोठणं वारंवार होत असेल आणि डिस्कचा दिवा सतत लुकलुकत असेल, तर मेमरी संपते आहे. झेडरॅम आणि अर्लीओओएम (मेमरी संपण्याआधी जास्त खाणारा प्रोग्राम बंद करणारं साधन) बसवा.

टाइमशिफ्ट आहे, मग बॅकअप झाला ना?

नाही. टाइमशिफ्ट हे स्नॅपशॉट घेणारं साधन मुळात प्रणालीच्या फायली जपतं. तुमचं होम फोल्डर ते आपोआप घेत नाही. बीटीआरएफएसचे स्नॅपशॉट तर त्याच डिस्कवर असतात, डिस्क गेली की तेही जातात. अपडेट उलटवायला ही साधनं उत्तम आहेत आणि ठेवावीतच, पण स्वतःच्या कामासाठी रेस्टिक किंवा बोर्ग हे बॅकअप प्रोग्राम वापरा: एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या ठिकाणी. दर तीन महिन्यांनी त्या प्रतीतून एक फोल्डर रिकाम्या जागी उतरवून फायली उघडून बघा. पासवर्ड हरवलेला बॅकअप आणि कधी चाललाच नाही असा रात्रीचा जॉब, दोन्ही याच वेळी पकडले जातात.

अँटिव्हायरस लागतो का?

सहसा नाही. धोका येतो तो नेटवरून उचलून सुडोने चालवलेल्या स्क्रिप्टमधून, न वाचलेल्या एयूआर पॅकेजमधून आणि ब्राउझरच्या एक्स्टेन्शनमधून. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फायली दाबणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत लपवलेला मागचा दरवाजा उघडकीस आला. तो चाचणीच्या आणि सतत बदलत्या डिस्ट्रोंपर्यंत पोचला होता, डेबियनच्या स्थिर आवृत्तीत नव्हता. कामाच्या मशीनवर स्थिर आवृत्ती ठेवण्याचं हेही एक चांगलं कारण आहे. फर्मवेअरचे अपडेट विसरू नका: ‘एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर अपडेट’.

फ्रीबीएसडी रोजच्या डेस्कटॉपला चालते का?

चालते, पण ती स्वतः जुळवावी लागते. झेडएफएस या फाइल सिस्टिमवर बसवा. मग पॅकेजांतून एक्सऑर्ग, केडीई किंवा एक्सएफसीई, आणि ग्राफिक्ससाठी डीआरएम-केमॉड घ्या. हे ड्रायव्हर लिनक्समधूनच आणलेले असतात. ‘सिसआरसी’ने केएलडी_लिस्टमध्ये इंटेलसाठी आय९१५केएमएस किंवा एएमडीसाठी एएमडीजीपीयू जोडा आणि आपला वापरकर्ता ‘व्हिडिओ’ गटात घाला. ही शेवटची पायरी राहिली तर डेस्कटॉप उघडतो, पण सगळं प्रोसेसरवर रेखाटलं जातं आणि रेंगाळतं.

मोठा खड्डा एकच आहे: १४.२ वरून १४.३ अशी बढती केल्यावर जुन्या आवृत्तीसाठी बांधलेला डीआरएम मॉड्यूल नव्या कर्नलशी जुळत नाही आणि सुरुवातीलाच स्क्रीन काळी होते. म्हणून बढतीपूर्वी ‘बीईसीटीएल क्रिएट’ने बूट एन्व्हायर्नमेंट (प्रणालीची परत सुरू करता येणारी प्रत) बनवा. बिघडलं तर लोडरच्या यादीतून जुनं वातावरण निवडून मिनिटभरात मागे येता येतं. ही सोय इतकी भरवशाची आहे की केवळ तिच्यासाठी फ्रीबीएसडी निवडणारे लोक आहेत. उणिवा: वायफायचा आधार लिनक्सच्या मागे आहे, आणि वाइडव्हाइन (व्हिडिओंचं कॉपी-संरक्षण उलगडणारा भाग) मूळ स्वरूपात नसल्याने पैसे भरून बघायचे व्हिडिओ अडतात. डेस्कटॉपला केबलने इंटरनेट असेल तर पहिली उणीव जाणवतही नाही.

मॅकओएसवर लिनक्सच्या स्क्रिप्ट का मोडतात?

तिथली साधनं बीएसडी वळणाची आहेत. ‘सेड -आय’ला तिथे पुढे रिकामा का होईना, प्रत्यय द्यावाच लागतो. बॅश हे शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) ३.२ वर थांबलेलं आहे आणि २०१९ पासून डीफॉल्ट शेल झेडएसएच आहे, म्हणून बॅश ४ मधले असोसिएटिव्ह ॲरे ‘/बिन/बॅश’मध्ये चालत नाहीत. होमब्र्यू या पॅकेज मॅनेजरने नवं बॅश आणि कोअरयुटिल्स बसवा. फाइलच्या नावात मोठी-लहान अक्षरं मॅकची डिस्क मुळात वेगळी मानत नाही. गिट रिपॉझिटरीत ‘रीडमी’ दोन पद्धतींनी लिहिलेली असेल तर एक फाइल गायब झाल्यासारखी दिसते.

मोठ्या आवृत्तीवर कधी आणि कसं जायचं?

सुरक्षा अपडेट आठवड्यातून एकदा तरी लावा. नवी मोठी आवृत्ती आली की पहिल्या दिवशी उडी नको. उबुंटू स्वतः एलटीएसच्या वापरकर्त्यांना पहिला दुरुस्ती-संच, म्हणजे .१ येईपर्यंत विचारत नाही. जाण्यापूर्वी बॅकअप घ्या, बाहेरची भांडारं आणि पीपीए (उबुंटूसाठीची खासगी भांडारं) बंद करा, डिस्कवर १० जीबी तरी मोकळी ठेवा, लॅपटॉप चार्जरला लावा. बढती चालू असताना जुन्या सेटिंगची फाइल ठेवायची की नवी घ्यायची असं विचारलं जातं: तुम्ही हाताने बदललेली फाइल असेल तर जुनी ठेवा, नसेल तर नवी घ्या. ज्या आठवड्यात काम पोचतं करायचं आहे त्या आठवड्यात बढती करू नका, आणि चालू आवृत्तीची आयएसओ असलेला पेनड्राइव्ह खणात ठेवा. बूटलोडर बिघडला तर त्यावरून सुरू करून, रूट पार्टिशन जोडून, सीएचरूट या कमांडने त्या प्रणालीच्या आत जाऊन ‘ग्रब-इन्स्टॉल’ आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवलं की मशीन परत उठतं. फेडोरावर या दोन कमांड नसतात. तिथे ग्रब आणि शिमची (सिक्युअर बूटसाठी ग्रबच्या आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) पॅकेजं ‘डीएनएफ रीइन्स्टॉल’ने पुन्हा बसवायची.